शेवाळातील इंधन : आशा आणि हिशेब

साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरले की आपण नाक मुरडतो. विहिरीच्या पायऱ्यांवर ते असले की पाय घसरतो आणि टाकीत धरले की टाकी घासत बसावे लागते. निरुपयोगी वस्तूंची यादी करावयास कोणी बसले, तर तिच्यात शेवाळाचा क्रमांक बराच वरचा लागेल. परंतु याच हिरव्या थरात आढळणाऱ्या काही सूक्ष्म, एकपेशीय शैवालांच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. विशिष्ट परिस्थिती लाभली, तर सूर्यप्रकाश आणि पाणी यांच्या आधारे ती हायड्रोजन वायू बाहेर टाकतात. हा वायू उत्तम इंधन आहे. तो जळताना कार्बनचा धूर होत नाही. पाण्याची वाफ तेवढी निर्माण होते.

असे काही ऐकले की मन हरखून जाते. ऊन आपल्या देशात मुबलक आहे, शेवाळाला तर कोणी पैसे मोजत नाही. मग गावोगावच्या तळ्यांतून इंधन का काढू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. अशा वेळी दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. काहीजण या शोधाला उद्याच्या ऊर्जेची गुरुकिल्ली मानतात, तर काहीजण ही सारी प्रयोगशाळेतील करमणूक आहे असे म्हणून पाठ फिरवतात. माझ्या मते दोन्ही भूमिका उतावीळपणाच्या आहेत. शैवालातून मिळणारा हायड्रोजन आज आपली चूल पेटवू शकत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आणि तरीही त्यावरील संशोधन चालू राहिले पाहिजे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या दोन विधानांत विरोध नाही. तो का नाही, हे पाहण्यासाठी प्रथम हिरव्या पेशीत काय घडते ते समजून घेऊ.

हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य. वजनाच्या मानाने पाहता त्याच्यातील ऊर्जा फार मोठी असते. एक किलोग्रॅम हायड्रोजनच्या ज्वलनातून सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते. पेट्रोलच्या तुलनेत ती अडीच पटींहून अधिक आहे. परंतु पृथ्वीवर हायड्रोजन बहुतांशी पाण्यात किंवा कार्बनी संयुगांत बांधलेला असतो. त्याला त्या बंधनातून सोडविण्यासाठी आधी ऊर्जा खर्च करावी लागते. आज जगात दरवर्षी ९ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन तयार होतो आणि खतनिर्मिती, खनिज तेलाचे शुद्धीकरण यांसारख्या उद्योगांत वापरला जातो. परंतु तो जवळजवळ सर्व नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून मिळवला जातो. नैसर्गिक वायूपासून एक किलोग्रॅम हायड्रोजन मिळवताना साधारणपणे ९ ते १० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे ज्या इंधनाला आपण स्वच्छ म्हणतो, त्याचा जन्म मात्र अस्वच्छ आहे. म्हणूनच पाण्यातून, सूर्याच्या बळावर हायड्रोजन मिळविण्याच्या वाटा शोधल्या जात आहेत. शैवालाची वाट ही त्यांपैकी एक होय.

वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे आपण शाळेत शिकतो. या क्रियेची सुरुवात पाण्यापासून होते. हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि त्या ऊर्जेच्या बळावर पाण्याचा रेणू फोडला जातो. त्यातून तीन गोष्टी बाहेर पडतात : ऑक्सिजन, धनभारित प्रोटॉन आणि ऋणभारित इलेक्ट्रॉन. ऑक्सिजन हवेत जातो आणि आपण तो श्वासावाटे घेतो. इलेक्ट्रॉन मात्र पेशीतच राहतात. एका रेणूकडून दुसऱ्याकडे असे ते पुढे सरकत जातात, वाटेत प्रकाशाचा दुसरा धक्का मिळून त्यांची ऊर्जा वाढते आणि अखेरीस ते फेरेडॉक्सिन नावाच्या लोहयुक्त प्रथिनापाशी येऊन पोहोचतात. तेथून त्यांची रवानगी सामान्यतः एकाच कामावर होते : हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडविणे. पेशीची वाढ आणि तिचा साठा या शर्करेवर अवलंबून असतो.

काही हिरव्या शैवालांत मात्र फेरेडॉक्सिनपाशी आणखी एक वाट फुटते. त्यांच्या हरितलवकात हायड्रोजिनेज नावाचे एक विकर असते. हे विकर फेरेडॉक्सिनकडून इलेक्ट्रॉन घेते, त्यांची प्रोटॉनशी गाठ घालून देते आणि हायड्रोजनचा रेणू तयार करते. एवढीच ही क्रिया. पाण्यातून निघालेले प्रोटॉन व इलेक्ट्रॉन शर्करेकडे न जाता एकमेकांना भेटतात आणि वायू होऊन बाहेर पडतात.

पेशी असे का करते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या उत्तरात पुढील सर्व अडचणींचे मूळ आहे. धरणाचे पाणी पाटाने शेतीला जाते, त्यासाठीच धरण बांधलेले असते. परंतु धरण काठोकाठ भरले आणि पाटाने पाणी पुढे जाईनासे झाले, तर भिंतीला धोका पोहोचू नये म्हणून ते सांडव्यावाटे सोडून द्यावे लागते. हायड्रोजिनेज हा हिरव्या पेशीचा सांडवा आहे. प्राणवायूविना राहिलेल्या पेशीवर अचानक प्रकाश पडला आणि शर्करा घडविण्याचे काम अद्याप सुरू झालेले नसले, म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाटी होते. तेव्हा पेशी ते हायड्रोजनच्या रूपाने बाहेर टाकते. पाट वाहू लागला की सांडवा बंद होतो. हायड्रोजन सोडणे म्हणजे पेशीच्या दृष्टीने कमाई वाया घालविणे होय. नाइलाज असेल तेव्हाच ती हे करते. मनुष्याची अपेक्षा मात्र अशी की, सांडवा बारा महिने वाहता राहावा.

हा सांडवा प्रथम दृष्टीस पडला तो इंधनाच्या शोधात नव्हे. जर्मनीतून १९३७ साली अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ हान्स गॅफ्रॉन हे प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास करीत होते. सेनेडेस्मस नावाचे हिरवे शैवाल काही काळ ऑक्सिजनविना ठेवले, तर ते हायड्रोजन वायूचा उपयोग करू लागते, असे त्यांना आढळले. पुढे १९४२ साली गॅफ्रॉन आणि त्यांचे सहकारी जॅक रुबिन यांनी याच शैवालातून हायड्रोजन बाहेर पडतो आणि प्रकाशात त्याचे प्रमाण वाढते, असे प्रसिद्ध केले. त्या काळी जग महायुद्धात गुंतलेले होते आणि खनिज तेलाला पर्याय म्हणून शेवाळाकडे पाहण्याचे कोणाला कारणही नव्हते. निसर्गातील एक कोडे उलगडावे, एवढाच त्या संशोधनामागील हेतू होता. पुढील सुमारे अर्धशतक ही गोष्ट बहुतांशी अभ्यासकांच्याच वर्तुळात राहिली.

याला कारण होते. या प्रक्रियेच्या पोटातच एक विरोध दडलेला आहे. हायड्रोजनसाठी लागणारे इलेक्ट्रॉन पाणी फोडून मिळतात; पाणी फुटले की ऑक्सिजन निर्माण होतो; आणि ऑक्सिजनचा स्पर्श होताच हायड्रोजिनेज निकामी होते. एकाच पेशीत एका हाताने चूल पेटवावी आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर पाणी ओतावे, असा हा प्रकार. त्यामुळे निसर्गतः शैवालातून हायड्रोजन निघतो तो काही क्षण, फार तर काही मिनिटे. एवढ्या अल्प अवधीत निघणाऱ्या वायूचे करावयाचे काय ?

या कोड्यातून वाट काढणारी एक युक्ती २००० साली प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनास्तासिओस मेलिस आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील मायकेल सायबर्ट, मारिया गिरार्डी आदी संशोधकांनी क्लॅमिडोमोनास या शैवालावर प्रयोग केले. हे शैवाल अतिशय सूक्ष्म असते. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी. त्याच्या अंगी पोहण्यासाठी दोन कशाभिका आणि पेल्याच्या आकाराचे एक हरितलवक असते. संशोधकांनी या शैवालाच्या पोषक द्रावणातील गंधक काढून घेतले. गंधकाचा आणि हायड्रोजनचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. परंतु पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतील एक प्रथिन प्रखर प्रकाशात सतत झिजते आणि पेशीला ते पुनःपुन्हा नवे घडवावे लागते. प्रथिने घडविण्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. गंधक मिळेनासे झाले की दुरुस्ती थांबते आणि पाणी फोडण्याचे काम मंदावते. पेशीचे श्वसन मात्र चालूच राहते. बंद पात्रात जेवढा ऑक्सिजन तयार होतो, तेवढा श्वसनात संपून जातो. साधारण एका दिवसात पात्रातील ऑक्सिजन नाहीसा होतो, हायड्रोजिनेज कामाला लागते आणि पुढे तीन-चार दिवस हायड्रोजन निघत राहतो. त्यानंतर पेशी थकतात. त्यांना पुन्हा गंधक देऊन ताजेतवाने केले, तर हे चक्र पुन्हा सुरू करता येते.

ऑक्सिजनची निर्मिती आणि हायड्रोजनची निर्मिती या दोन गोष्टी एकाच वेळी नांदत नसतील, तर त्या पाठोपाठ घडवून आणाव्यात, ही कल्पना खरोखरच बुद्धिमान होती. काही मिनिटांची गोष्ट काही दिवसांवर गेली. तेव्हापासून जगातील अनेक प्रयोगशाळांत या विषयाला नवी चालना मिळाली. आणि तेव्हापासूनच तळ्यातून इंधन काढण्याची भाषाही मोठ्या उत्साहाने बोलली जाऊ लागली.

उत्साहाला माझा विरोध नाही. परंतु कोणत्याही नव्या इंधनाविषयी सामान्य नागरिकाने तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत : किती मिळते ? किती काळ मिळते ? आणि ते मिळविण्यासाठी काय घालावे लागते ? बाजारात भाजी घेताना आपण भाव विचारतो, वजन पाहतो. विज्ञानाच्या बाबतीत मात्र हे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः या प्रश्नांची उत्तरे समजण्यासाठी गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही.

पहिला प्रश्न घेऊ. वर सांगितलेल्या प्रयोगांत एक लिटर हिरव्या द्रावणातून दर तासाला सुमारे २ ते २.५ मिलिलिटर हायड्रोजन मिळत होता. घराच्या गच्चीवर असते तशी एक हजार लिटरची टाकी आहे, ती पारदर्शक आहे आणि तिच्यातील प्रत्येक पेशीला पुरेसा प्रकाश मिळतो, असे समजू. अशा टाकीतून तासाला अडीच लिटर आणि दहा तासांच्या उन्हात २५ लिटर हायड्रोजन मिळेल. पंचवीस लिटर ऐकावयास पुष्कळ वाटते. परंतु हायड्रोजन इतका हलका की, त्याचे वजन जेमतेम २ ग्रॅम भरेल. त्यातील ऊर्जा सुमारे २४० किलोज्यूल. घरगुती गॅसच्या १४.२ किलोग्रॅमच्या सिलिंडरमध्ये सुमारे साडेसहा लाख किलोज्यूल ऊर्जा असते. याचा अर्थ असा की, एका सिलिंडरइतकी ऊर्जा साठविण्यासाठी ही टाकी एक दिवसही खंड न पडता सात वर्षांहून अधिक काळ चालावी लागेल. याच वायूपासून वीज करावयाची म्हटले, तर दिवसभराच्या वायूतून ९ वॅटचा एक दिवा तीन-चार तास उजेड देईल.

आता दुसरा प्रश्न. हा वेग कायम टिकत नाही. तीन-चार दिवसांनी पेशींना विश्रांती द्यावी लागते. म्हणजे वर्षातील बरेच दिवस टाकीतून काहीच मिळणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. या प्रयोगांत शैवालाला पाणी आणि ऊन एवढ्यावर ठेवलेले नव्हते; द्रावणात ॲसिटेट हे कार्बनी अन्नही घातलेले होते. द्रावण सतत ढवळावे लागते. पात्र पारदर्शक आणि पूर्णपणे हवाबंद असावे लागते. हायड्रोजनचा रेणू इतका लहान असतो की, बारीकशा फटीतूनही तो निसटतो. शिवाय हवेत मिसळलेला हायड्रोजन ठिणगी पडताच स्फोट घडवू शकतो, म्हणून सुरक्षिततेची व्यवस्था वेगळी. गावच्या उघड्या तळ्यात यांतील एकही गोष्ट साधणारी नाही.

या ठिकाणी गोबरगॅसची आठवण होणे स्वाभाविक आहे. तोही सूक्ष्मजीवांनीच घडविलेला वायू आहे. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलोग्रॅम शेण लागते आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. त्याला निर्जंतुक पात्र लागत नाही, ऊन लागत नाही, गंधकाचा हिशेब ठेवावा लागत नाही. आणि उरलेला रबडा शेताला खत म्हणून उपयोगी पडतो. ज्याच्या गोठ्यात चार जनावरे आहेत, त्याने सूक्ष्मजीवांकडून इंधन मिळविण्यासाठी शैवालाची वाट पाहण्याचे कारण नाही. हाती असलेली गोष्ट सोडून दूरच्या चकाकीमागे धावण्यात शहाणपण नसते.

अडचण केवळ ऑक्सिजनची असती, तर ती आज ना उद्या सुटेल असे म्हणता आले असते. परंतु प्रकाशाचीही एक अडचण आहे. निसर्गात प्रत्येक पेशी आपल्या शेजारणीपेक्षा अधिक प्रकाश मिळविण्यासाठी झटत असते. म्हणून ती हरितद्रव्याचे शेकडो रेणू जवळ बाळगते. दाट द्रावणात वरच्या थरातील पेशी गरजेपेक्षा कितीतरी अधिक ऊन गिळतात, त्यातील बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवतात आणि खालच्या पेशींना अंधारात ठेवतात. संशोधकांनी हरितद्रव्य कमी असलेले वाण तयार करून पाहिले आहेत. त्यामुळे प्रकाश खोलवर पोहोचतो. परंतु असे संयमी वाण उघड्या जगात टिकाव धरत नाही. पिकात तण माजावे, तसे बाहेरून आलेले अधाशी शैवाल त्याला मागे सारते.

तात्पर्य, सर्व काही मनासारखे जुळून आले, तर उन्हातील सुमारे दहा टक्के ऊर्जा शैवालाकरवी हायड्रोजनमध्ये उतरविता येईल, असा तात्त्विक अंदाज आहे. गंधक तोडण्याच्या पद्धतीने प्रत्यक्षात साधले जाते ते एक टक्क्याहूनही कमी. याउलट आज बाजारात मिळणारे सौर पटल उन्हातील सुमारे वीस टक्के ऊर्जेची वीज करते आणि त्या विजेने पाण्याचे विघटन केले, तर दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा हायड्रोजनमध्ये आणता येते. शैवालाची स्पर्धा खनिज तेलाशी तर आहेच. परंतु तिच्यापुढे आधीच निघून गेलेला सौर पटलाचा स्पर्धकही आहे.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल की, मग हा नाद सोडून द्यावा हे बरे. आपल्यासारख्या देशात पिण्याचे पाणी, शाळा, दवाखाने यांवर खर्च करण्यासारखे पुष्कळ असताना शेवाळाच्या अभ्यासावर पैसा का घालवावा ? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जनतेच्या पैशाचा जाब जनतेला दिलाच पाहिजे. तथापि मला हा निष्कर्ष मान्य नाही. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण इतिहासात आहे. प्रकाशामुळे वीज निर्माण होऊ शकते, हे फ्रान्समधील एडमंड बेकेरेल यांना १८३९ साली दिसून आले. सिलिकॉनचे पहिले उपयुक्त सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले ते १९५४ साली, म्हणजे ११५ वर्षांनी. आणि तेही उन्हातील सुमारे सहा टक्के ऊर्जाच विजेत बदलू शकत होते. त्यांची किंमत इतकी होती की, सुरुवातीला त्यांचा उपयोग मुख्यतः कृत्रिम उपग्रहांवर झाला. आज खेड्यापाड्यांतील छपरांवर सौर पटले दिसतात. १९५४ साली कोणी केवळ तेव्हाच्या किमतीकडे पाहून ते काम बंद पाडले असते, तर आजची ही छपरे रिकामी राहिली असती. अर्थात, सौर घटांचे जे झाले तेच शैवालाचे होईल असे नाही. पेरलेले प्रत्येक बी उगवत नाही. परंतु कोणते उगवेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून थोडे बियाणे राखून ठेवावे लागते.

दुसरे कारण हायड्रोजिनेज या विकराच्या रचनेत आहे. विजेच्या साहाय्याने हायड्रोजन तयार करणाऱ्या अनेक आधुनिक यंत्रांत प्लॅटिनम आणि इरिडियम यांसारखे अतिशय महाग व दुर्मीळ धातू लागतात. हिरवी पेशी हेच काम लोहाच्या आधारे करते. तिच्या विकराच्या गाभ्यात लोह आणि गंधक यांची अशी काही मांडणी असते की, विकराचा एक रेणू एका सेकंदात हायड्रोजनचे शेकडो रेणू घडवू शकतो. ही मांडणी पुरती समजली आणि तिच्या धर्तीवर स्वस्त द्रव्ये घडविता आली, तर शैवालातून थेंबभरही इंधन न मिळवता शैवालाच्या अभ्यासाने इंधन स्वस्त केले असे होईल. मूलभूत संशोधनाचे फळ अनेकदा लावलेल्या झाडाला न लागता शेजारच्या झाडाला लागते.

तिसरे कारण असे की, ही वाट अद्याप संपलेली नाही. क्लॅमिडोमोनासचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठ आणि इस्राएलमधील तेल अवीव विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२० साली एक वेगळीच युक्ती मांडली. त्यांनी हायड्रोजिनेज हे विकर प्रकाश शोषणाऱ्या यंत्रणेलाच जोडून टाकले. त्यामुळे इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनपर्यंत जाण्याआधीच विकराच्या हाती पडतात आणि जिवंत पेशीत हायड्रोजन तयार होतो. सांडवा पाटाच्या टोकाशी ठेवण्याऐवजी धरणाच्या दारातच आणून बसविला, असे म्हणता येईल. ऑक्सिजनचा प्रश्न याने सुटला असे नाही. परंतु इलेक्ट्रॉन शर्करेकडे वळण्याचा प्रश्न किती वेगळ्या पद्धतीने हाताळता येतो, हे यातून दिसले.

प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली आणि त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. त्यांपैकी १७,४९० कोटी रुपये विद्युत विघटकांच्या निर्मितीला आणि हरित हायड्रोजनच्या उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी होते. संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी, म्हणजे सुमारे दोन टक्के. तयार असलेल्या तंत्रावर मोठा खर्च आणि अपरिपक्व कल्पनांवर लहान खर्च, ही वाटणी तत्त्वतः योग्यच आहे. घर चालविणारी गृहिणीही धान्याला आधी पैसे काढून ठेवते आणि उरलेल्यातून मुलाच्या वहीला देते. परंतु वहीचे पैसे कधीच द्यावयाचे नाहीत, असे मात्र ती ठरवीत नाही. संशोधनाचा हा वाटा आधीच लहान आहे. अडचणीच्या दिवसांत सर्वप्रथम त्यालाच कात्री लावण्याचा मोह टाळला पाहिजे. शैवालाला त्यातून किती मिळावे हे तज्ज्ञांनी ठरवावे. मिळूच नये, असे म्हणणे मला दूरदृष्टीचे वाटत नाही.

मात्र संशोधनाला आधार द्यावयाचा असेल, तर त्याविषयी बोलताना संयम पाळला पाहिजे. दहा वर्षांत शेवाळावर मोटारी धावतील, असे आश्वासन देऊन पैसा मिळविता येतो. परंतु दहा वर्षांनी मोटारी धावल्या नाहीत की, लोकांचा विश्वास उडतो आणि प्रामाणिक संशोधकालाही दारे बंद होतात. अतिशयोक्तीची किंमत प्रथम सामान्य माणूस मोजतो, कारण आशेच्या भरात तो आपली पुंजी नको तेथे गुंतवतो. त्यानंतर ती विज्ञानाला मोजावी लागते. जे अद्याप साधलेले नाही ते साधले असे सांगणे, हे शेवटी विज्ञानाचेच नुकसान करणे होय.

म्हणून हिशेबाला आशेचा शत्रू मानू नये. शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याचा, पाण्याचा, खताचा हिशेब करतो; त्यामुळे त्याची पिकाची आशा कमी होत नाही, उलट ती पायावर उभी राहते. हिरव्या पेशीतील हा सांडवा गॅफ्रॉन यांना दिसला त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात काही मिनिटांचे काही दिवस झाले; मिलिलिटरांचे लिटर होणे अजून बाकी आहे. ते होईल की नाही, हे कष्टाने आणि धीरानेच कळेल. तोवर आपण स्वयंपाक हाताशी असलेल्या इंधनावर करावा, छपरावरील उन्हाचा उपयोग करून घ्यावा आणि प्रयोगशाळेतील त्या लहानशा हिरव्या पात्राकडेही लक्ष ठेवावे. किती, किती काळ आणि कशाच्या बदल्यात, हे तीन प्रश्न मात्र विचारीत राहावे. ते विचारण्यासाठी पदवी लागत नाही. आणि ज्या समाजात ते विचारले जातात, तेथे विज्ञानाची वाढ निकोप होते.